एकट्याचा नंबर पहिला

खरं सांगते, पहिल्या आठवड्यात मला मेश्राम जमादारांचा नुसता राग आला होता. मी दिग्रसची, नवीकोरी भरती झालेली पोलीस शिपाई, आणि पोस्टिंग मिळालं कुठे, तर झरी जामणीच्या जंगलाच्या अंगाला असलेल्या एका ठाण्यात. ठाण्याचं नाव मी सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. चाळीसेक गावं, गाडी एक, आणि कागदावर जेवढी माणसं त्यातली अर्धी कायम कुठेतरी बंदोबस्ताला. सकाळी दहापासून व्हरांड्यात लोक येऊन बसायचे. त्यातल्या कोणाचं आधी घ्यायचं आणि गाडी कोणत्या गावाला पाठवायची, हे ठाणेदार साहेबांच्या नावावर पण खरं तर मेश्राम जमादार ठरवायचे.

आता साधा पोलीस विचारतो, "काय झालं?" जमादार तसं विचारायचेच नाहीत. बाहेर यायचे, चष्मा कपाळावर सरकवायचे आणि एकेकाला विचारायचे, "कोणासंग आला?"

जो म्हणेल 'एकटाच आलो', त्याला आत घ्यायचे. जो चारजणांसोबत आला त्याला बाकावर बसवायचे. जो गावचा पुढारी, दोन वकील आणि जीपभर माणसं घेऊन आला, त्याला म्हणायचे, "बसा भाऊ, सावलीत बसा. तुमचं आरामात पाहू." पुढारी संतापायचे. जमादारांच्या चेहऱ्यावरची रेषा हलायची नाही.

माझ्या तिसऱ्याच दिवशीची गोष्ट. एका दुकानदाराची मोटारसायकल चोरीला गेली होती. बारा-तेरा माणसं घेऊन आला होता, नुसता आरडाओरडा. त्याच वेळी एक कोलाम आदिवासी म्हातारा कोपऱ्यात उकिडवा बसला होता. त्याची बकरी हरवली होती. जमादारांनी दुकानदाराची तक्रार लिहून घेतली, गुन्हा नोंदवला, पण गाडी पाठवली म्हाताऱ्यासोबत! मला राहवेना.

"काका, मोटारसायकल सोडून बकरीमागं गाडी? लोक हसतील ना आपल्याला."

"त्या दुकानदाराच्या मांगं किती माणसं होते? मोजले का वं तू?"

"असतील बारा-तेरा."

"मंग? ते बाराजण बारा रस्त्यानं गेले असतीन. प्रत्येकाच्या खिशात फोन हाय. सांजपावतर तेच आपल्याले सांगतीन का गाडी कुठी हाय. या बुढ्याच्या मांगं कोण हाय, सांग मले."

आणि झालंही तसंच. संध्याकाळी दुकानदाराचाच फोन आला. त्याच्या मेव्हण्याने न विचारता गाडी नेली होती आणि मंगल कार्यालयामागे लावून विसरला होता. जमादारांनी माझ्याकडे बघत कपाळावरचा चष्मा ऐटीत खाली घेतला. बकरी मात्र मिळाली नाही. बिबट्याने नेली होती.

जमादार म्हणजे उंच माणूस, मानेत थोडा वाकलेला. डोक्यावर केस नावालाही नव्हते तरी खिशात कंगवा असायचा. बूट स्वतः घासायचे, तेही रोज. समोरचा माणूस उभा असला तर स्वतः खुर्चीत बसायचे नाहीत. मग व्हायचं काय, की ठाण्यात खुर्च्या रिकाम्या आणि दोन माणसं टेबलाच्या दोन्ही बाजूंना उभी. नवा माणूस गोंधळून जायचा. शेवटी जमादारच म्हणायचे, "बस ना बाप्पा, माहे पाय दुखून राह्यले."

एस.टी.च्या वेळा त्यांना तोंडपाठ. राळेगावची कोणती गाडी कुठे थांबते, पुसदची शेवटची कधी सुटते, कोणत्या गाडीचा कंडक्टर सुट्टीवर आहे, सगळं. ठाण्याची गाडी बंदोबस्ताला गेली, आणि ती नेहमीच गेलेली असायची, की हे पिशवी उचलून एस.टी.ने तपासाला. एखादे मोठे साहेब येणार असले की आमच्या ठाण्याची निम्मी माणसं दोन दिवस रस्त्यावर उभी. तेव्हा जमादार स्वतःशीच पुटपुटायचे, "ज्याच्याजवळ आधीच शंभर माणसं हायेत, त्याच्यासाठी आणखी वीस." ठाणेदार साहेबांच्या कानावर ते जायचं. साहेब तरुण होते, वाईट नव्हते; त्यांना वरून फोन यायचे. ते कानाडोळा करायचे.

सुखाबाई नावाची एक म्हातारी होती. दर मंगळवारी, बाजाराच्या दिवशी, यायची आणि म्हणायची, "माह्या घरात कोणीतरी येऊन बसलं हाय." कोणी नसायचं, हे सगळ्यांना माहीत. आम्ही तिला टाळायला बघायचो. जमादार मात्र जायचे. मी एकदा सोबत गेले. पठ्ठ्याने खोली पाहिली, माळा पाहिला, धान्याची कणगी उघडून आत डोकावून पाहिलं, अगदी चोर धरायला आल्यासारखं. मग गंभीर तोंडाने म्हणाले, "नाई माय, कोणी नाई. गेला तो." म्हातारीने लगेच चुलीवर चहा ठेवला.

परत येताना मी चिडून म्हटलं, "आपण पोलीस आहोत की सोबतीला ठेवलेली माणसं? एवढी कामं पडलीत तिकडे."

"अर्धा तास गेला," ते म्हणाले. "नाई गेलो त ते रोज येऊन बसते. दिवसाचे दोन तास जातेत. मंग कशात वेळ वाचला?"

बोलणं बरोबर होतं. पण मी पाहिलं होतं, चहा संपल्यावरही ते उठले नव्हते. सुखाबाई काहीबाही सांगत होती आणि हे भिंतीला टेकून ऐकत होते. घाई त्यांनाही नव्हती.

आमचे क्वार्टर एका रांगेत होते, त्यांचं शेवटचं. आत एक खाट, एक स्टोव्ह, बाबासाहेबांचा फोटो, बुद्धाची छोटी मूर्ती आणि बायकोचा फोटो. काकू जाऊन तेव्हा सात वर्षं झाली होती. मुलगा पुण्याला. रविवारी त्याचा फोन यायचा, तेव्हा जमादार "सगळं ठीक, सगळं ठीक" असं तीनदा म्हणायचे आणि फोन ठेवायचे. पहाटे हळू आवाजात वंदना म्हणायचे, ती माझ्या भिंतीतून ऐकू यायची. ड्युटी संपली तरी ठाण्यातून हलायचे नाहीत. मी एकदा म्हटलं, "काका, जा ना घरी." तर म्हणाले, "घरी जाऊन काय भितीसंग बोलू?" हसत म्हणाले, पण मला वाईट वाटलं. मी काही केलं मात्र नाही. दोन-चारदा भाजी नेऊन दिली, एवढंच.

आता ती गोष्ट सांगते, जी सांगायला मला अजून जड जातं.

पोळा झाला होता, गणपतीचा बंदोबस्त लागायचा होता. एका सकाळी टेम्पो भरून एक कुटुंब आलं. सासरा, त्याचे तीन मुलगे, पुतणे, गावातली आणखी काही माणसं. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, शेजाऱ्याशी भांडण झालं होतं, आणि शेजाऱ्याने सुनेला शिवीगाळ केली अशी तक्रार होती. सुनेचं नाव रंजना. पंचविशीची असेल. जमादार बाहेर आले, नेहमीसारखं बघितलं आणि म्हणाले, "चौदाजण. बसा भाऊ, वेळ लागन."

बसले ते. दहाचे चार वाजले. पुरुष निंबाखाली तंबाखू मळत बसले. रंजना व्हरांड्याच्या टोकाला, माठाजवळ बसली होती. मी तिला पाणी दिलं. तिने मला विचारलं, "मॅडम, तुमी रातच्यालेही इथीच राह्यता काय?"

मी म्हटलं, "हो, पलीकडे क्वार्टर आहेत ना." आणि परत येऊन रजिस्टर भरत बसले. मला एका बंदोबस्ताची यादी पूर्ण करायची होती. तिला ते का विचारायचं असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. एवढीशी गोष्ट, पण त्यासाठी मी स्वतःला माफ केलेलं नाही.

चार वाजता त्यांचा नंबर लागला. सासरा बोलला, दीर बोलले. रंजनाने दाखवलं तिथे सही केली. सगळे टेम्पोत बसून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासरा परत आला. एकटा. सून रात्रीपासून घरात नाही म्हणाला. आणि आमच्या जमादारांनी, आपल्या नियमाप्रमाणे, एकट्या आलेल्या त्या माणसाला सगळ्यांच्या आधी आत घेतलं, त्याचं लिहून घेतलं आणि गाडीही त्याच्याचसोबत पाठवली.

गाडी गेल्यावर जमादार टेबलाजवळ उभे होते. मग मला म्हणाले, "राठोड, काल ते एकटीच आलती वं. मी चौदा मोजले."

मग मी तिने विचारलेला प्रश्न त्यांना सांगितला. रागावतील वाटलं, पण ते रागावले नाहीत. उलट म्हणाले, "तुले विचारलं तिनं. मले त तेही विचारलं नाई." आणि खुर्चीत बसले. कोणी समोर उभं असताना ते बसलेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

दोन दिवस गाडी मिळाली. विहिरींत गळ टाकले, नाले पाहिले. सासऱ्याला, नवऱ्याला, दिरांना वेगवेगळं बसवून विचारलं, शेत पाहिलं. काही निघालं नाही. रंजनाला आई-बाप नव्हतेच, एक मामा होता. तो म्हणाला, "आमी लगन करून देलं, आता ते त्याईची." फोटो मागितला तर लग्नातला मिळाला, त्यातून नवऱ्याला कापून काढलेलं, पण त्याचा खांदा तिच्या शेजारी तसाच राहिलेला. तिसऱ्या दिवशी गणपतीचा बंदोबस्त लागला आणि साहेब म्हणाले, "जमादार, सज्ञान बाई आहे. आपल्या मर्जीने गेली असेल. कागद चालू ठेवा, पण माणूस मी देऊ शकत नाही." साहेबांचंही चूक होतं असं मी म्हणणार नाही. माणूस होताच कुठे द्यायला!

त्यानंतर जमादारांची पद्धत बदलली. कितीही माणसं येवोत, प्रत्येकाला वेगळं बोलवायचं. बायकांना माझ्यासोबत आतल्या खोलीत, दार लोटून. मला सांगून ठेवलं होतं, "पयले भांडणाचं नको विचारू. घरी जेवन झालं का, ते विचार." एका कामाला तासाच्या जागी अडीच तास लागायला लागले. व्हरांड्यात गर्दी तुंबायची. लोक ओरडायचे, साहेब ओरडायचे. एकदा साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "असं चाललं तर वर्षभराची कामं दहा वर्षं पुरतील!"

"हाव साहेब," जमादार म्हणाले. "वेळ कमी हाय हे मले समजते. पण घाईत मी ज्याले मांगं बसोलं, ते माणूसच गेलं. आता मले भीती वाटते." तीस वर्षं नोकरी झालेल्या जमादाराने भर ठाण्यात 'भीती वाटते' म्हणणं, हे मी तोपर्यंत ऐकलं नव्हतं.

आणि साप्ताहिक सुट्टीला ते रंजनाला शोधायला जायला लागले. साध्या कपड्यात, पिशवीत डबा आणि तो फोटो. दिग्रसच्या कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला येणाऱ्या बायका सुटायच्या वेळी फाटकाशी उभे राहायचे. राळेगावच्या बाजूला सोयाबीन काढणाऱ्या टोळ्यांमध्ये जायचे. बसस्टँडवर चहावाल्यांना, कंडक्टरांना विचारायचे. संध्याकाळच्या गाडीने परत. मी विचारायचे, "काही कळलं?" ते म्हणायचे, "नाई, पण तिथी नाई हे कळलं." दीड वर्षात त्यांनी एक सुट्टी घरी काढली नाही. सासरचे एकदाही विचारायला आले नाहीत. मामाही नाही. अख्ख्या जगात त्या बाईला विचारणारा हा एकच म्हातारा होता.

मग ते निवृत्त झाले. शाल, नारळ, साहेबांचं भाषण, मुलगा आला नव्हता. सगळं आटोपल्यावर त्यांनी मला बाजूला बोलावलं आणि रंजनाची फाईल माझ्या हातात दिली. "बाकी सगळं नव्या जमादाराले देलं. हे तू ठेव." मी म्हटलं, "ठेवते काका, बघते." आणि खोटं कशाला बोलू, मी बघितलं नाही. निवडणूक आली, मग सण, मग यात्रा, मग माझं बाळंतपण. फाईल माझ्या कपाटात खालच्या कप्प्यात पडून राहिली.

वर्षभराने असेल, एका सकाळी ठाण्यात तोबा गर्दी होती. मिरवणुकांच्या परवानग्या मागायला मंडळांचे लोक घोळक्याने आले होते. नवे ठाणे अंमलदार एकेका मंडळाचं घेत होते. साहेब गाडीत बसले होते, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, मला रूट पाहणीला जायचं होतं. धावत बाहेर आले तर बाकावर टोकाला जमादार. पांढरा सदरा, मांडीवर पिशवी.

"काका! तुम्ही इथे कशाला बसलात? आत चला ना."

"त्याईनं बसाले सांगतलं. मिसिंगचं इचाराचं होतं. तू जाय, गाडी थांबली हाय."

"मी येतेच. जाऊ नका हं. जेवायला घरी चला."

"हाव, हाव. जाय."

मी गाडीत बसले. दुपारी येईन म्हटलं तर यायला पाच वाजले. बाक रिकामा होता. ठाणे अंमलदारांना विचारलं तर म्हणाले, "कोण, ते बुढे बाबा? काम काही सांगितलं नाही त्यांनी. शेवटच्या बसची वेळ झाली म्हणून गेले. हे तुमच्यासाठी देऊन गेले." दिवसभर ठाण्यात एकटे आलेले तेवढेच होते, आणि त्यांचा नंबर लागला नव्हता. मला तिथेच रडू आलं. लोकांसमोर वर्दीत रडू नये म्हणतात, मी रडले.

दिलं होतं ते म्हणजे दुमडलेला मोठा कागद. त्यावर गावांची, जिनिंगची, वसतिगृहांची, बसस्टँडांची नावं. ठसठशीत अक्षरात, प्रत्येकाला काट मारलेली, पुढे तारीख. वर लिहिलं होतं, 'राठोडबाई, एवढ्या जागी जाऊ नये. पाहून झाल्या आहेत. तुमचा वेळ वाचावा.' खाली तीन गावं काट न मारलेली. त्यांच्यापुढे, 'इथे एस.टी. जात नाही. गाडी लागेल.'

दुसऱ्या दिवशी मी साहेबांकडे गाडी मागितली. साहेब नवे होते. म्हणाले, "मॅडम, गाडी एकच आहे, तुम्हाला माहीत आहे." माहीत होतंच मला. मी स्वतः रोज लोकांना तेच सांगते. तिसऱ्या दिवशी माझी सुट्टी होती. लेकराला सासूबाईंकडे दिलं, नवऱ्याची मोटारसायकल घेतली आणि तिन्ही गावं पालथी घातली. घरोघर फाईलमधला फोटो दाखवला. रंजना कुठेच नव्हती.

फोनवर सांगवेना म्हणून पुढच्या सुट्टीला मी त्यांच्या गावी गेले. दिग्रसपासून थोडं आत. अंगणात खाटेवर बसले होते, एकटेच. आणखी वाळले होते. "नाही मिळाली काका," मी म्हटलं. "तिन्ही गावं पाहिली."

त्यांनी कागद मागून घेतला. तिन्ही नावांवर काट मारली, तारीख घातली. मला वाटलं आता तरी सोडतील. मी म्हणालेही, "काका, पुरे आता. तुमच्याकडून झालं तेवढं कोणी केलं नसतं."

"चहा घेशीन ना?" ते म्हणाले. स्वतःच करून आणला. मग कागद उलटा केला, कोरी बाजू वर घेतली. "नदीपल्याडच्या राज्यात आपण पाह्यलंच नाई. तिकडं कापूस येचाले लय बाया जातेत." पेन उघडून थांबले. "पण तिकडं तेलुगू बोलतेत. 'ही पोरगी पाह्यली का' हे कसं इचारतेत, तुले माहीत हाय?"

मला कुठून माहीत असणार! पण ठाण्यात सीमेवरच्या गावचा एक शिपाई होता, त्याला तिथूनच फोन लावला. त्याने दोनदा सांगितलं. जमादारांनी कागदाच्या डोक्याला सुवाच्य अक्षरात लिहून घेतलं, वाचून पाहिलं, अडखळले, परत वाचलं. मी नमस्कार करून निघाले. गाडी रस्त्यावर आणून वळवली तरी मागून आवाज येत होता. मान वळवून पाहिलं, तर ते खाटेवर बसून, समोर कोणी नसताना, पिशवीतला फोटो पुढे धरून विचारत होते, "ई अम्मायिनी चूशारा? ई अम्मायिनी चूशारा?"